बुटकी स्पोर्ट्स कार घरच्या घरी सुरक्षित कशी उचलायची? (झेड४, कोल्हापूर)

रंकाळा_रोडस्टर

नमस्कार मंडळी. गाडी बीएमडब्ल्यू झेड४, ई८९ पिढीची, ऑटोमॅटिक, छप्पर घडी होणारी. स्प्रिंग कंपनीच्याच आहेत, कापलेल्या नाहीत. तरी सिलखाली (दाराखालची लांब कड) जेमतेम १२ सेंमी जागा आहे आणि पुढच्या बंपरची कड जमिनीपासून ११ सेंमीवर. टायर रनफ्लॅट, त्यामुळे स्टेपनी नाही आणि गाडीसोबत जॅकही आलेला नाही.

घरी करायची कामं तीन: इंजिन ऑइल, मागचे ब्रेक पॅड, आणि जमलं तर गिअरबॉक्स ऑइल. घरातला दोन टनी ट्रॉली जॅक पूर्ण खाली बसवला तरी १३-१४ सेंमी उंच राहतो, म्हणजे सिलखाली शिरतच नाही. पोर्चमध्ये पेव्हर ब्लॉक आहेत आणि पावसाचं पाणी निघून जावं म्हणून गेटकडे थोडा उतार दिलाय.

विचारायचं असं, की जॅक आत घालायचा कसा? आणि मुख्य अडचण म्हणजे, जॅक लावायच्या जागी जॅकच असेल तर उचललेली गाडी टेकवून ठेवायचा स्टँड कुठे लावायचा? मागच्या डिफरेन्शियलला (मागच्या दोन चाकांमधला गिअरचा डबा) जॅक लावून उचला असं बरेच जण सांगतात. ते बरोबर आहे का?

---

उद्यमनगरी

जॅकचं नंतर बघू, आधी जमीन.

ट्रॉली जॅकचा हात वर जाताना सरळ वर जात नाही, कमानीत फिरतो. जसजशी गाडी उचलली जाते तसतशी जॅकची वाटी (गाडीला टेकणारा वरचा गोल भाग) हँडलच्या दिशेने मागे येते. गाडी जागेवर स्थिर असेल तर जॅकने स्वतः काही सेंमी पुढे, गाडीखाली सरकायला हवं. गुळगुळीत कोब्यावर तो सरकतो आणि तुम्हाला कळतही नाही. पेव्हरवर त्याची लहान लोखंडी चाकं सांध्यात अडकतात. मग जॅक सरकत नाही आणि वाटी सिलवरून घसरायला लागते. गाडी जॅकवरून पडते ती बहुतेक वेळा अशीच. लोक जॅकला शिव्या देतात, दोष जमिनीचा असतो.

म्हणून पेव्हरवर १८ मिमी प्लायचा सलग तुकडा टाका, ४ फूट बाय २ फूट. लांब बाजू गाडीखाली आत गेली पाहिजे आणि जॅकच्या पुढे निदान फूटभर मोकळी राहिली पाहिजे. चेकर प्लेट नको, तिच्या उंचवट्यांवर चाक पुन्हा अडतं. स्टँडखालीही प्लायच, निदान ३० बाय ३० सेंमी, आणि सगळीकडे एकाच जाडीचा. स्टँडच्या पायाचा काठ बारीक असतो. तो नेमका ब्लॉकच्या कोपऱ्यावर आला तर ब्लॉक एका बाजूने दबतो आणि स्टँड कलतो. पावसाळ्यात पेव्हरखालची कच ओली असते तेव्हा हे हमखास होतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे उघड्या पोर्चमध्ये हे काम काढूच नये असं माझं मत.

उतार मोजा. गवंड्याची लेव्हल पाइप घ्या आणि पुढच्या व मागच्या चाकाजवळ पाण्याची खूण करा. तुमच्या गाडीचा व्हीलबेस अडीच मीटर आहे. दोन खुणांत अडीच सेंमी फरक असेल तर उतार १ टक्का. तेवढा चालतो. त्याहून जास्त असेल तर चारही चाकं एकदम उचलायचा विचार सोडा.

आता बरेच जण विसरतात ती गोष्ट. झेड४ मागच्या चाकांवर चालते आणि पार्किंग ब्रेकही मागच्याच चाकांना लागतो. ऑटोमॅटिकमधला 'पी' सुद्धा मागचीच चाकं अडवतो. म्हणजे मागचा भाग उचलला की गाडीला धरून ठेवणारं काहीच उरत नाही, पुढची दोन्ही चाकं मोकळी. तेव्हा मागे उचलताना पुढच्या दोन्ही चाकांना, दोन्ही बाजूंनी, लाकडी पाचरी घट्ट ठोकायच्या. टायरच्या उंचीच्या निदान पाव भाग उंच हव्यात. रस्त्यावरचा दगड किंवा विटेचा तुकडा नको.

---

पाना_सतरा

जॅक आत घालायचा सोपा मार्ग म्हणजे आधी गाडीच थोडी वर घ्या. ५ सेंमी जाडीची फळी, टायरपेक्षा ५ सेंमी रुंद आणि ६० सेंमी लांब, चार नग. एक टोक ४५ अंशात तासून घ्या. गाडी हळू त्यावर चढवा. सिल १२ वरून १७ सेंमीवर येते. टिंबर मार्केटमध्ये मापाने कापून मिळेल. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत मशिनरी ज्या पाइनच्या खोक्यांतून येते ते लाकूड स्वस्त पडतं, पण गाठी आणि उभ्या चिरा असलेले तुकडे बाजूला काढा.

जॅक मात्र नवा घ्या. लो-प्रोफाइल प्रकारात खालची उंची ८ ते ९ सेंमी आणि वरची ४५ ते ५० सेंमी मिळते. 'फळी आहे तर जुना जॅक चालेल' असं वाटेल. १३-१४ चा जॅक आणि वर ठेवायचा ३ सेंमी अडॅप्टर धरला की १७ होतातच, मग नीट नेम धरायला फटच उरत नाही. क्षमतेची काळजी नको. गाडी दीड टनाच्या आसपास आहे, एका कोपऱ्यावर त्याचा साधारण पाव भाग येतो. दोन टनी भरपूर झाला.

तुमच्या गाडीला सिलखाली चार ठिकाणी प्लॅस्टिकचे आयताकृती पॅड आहेत, मध्ये खाच असलेले. उचलायची जागा तीच. जॅकच्या दातेरी वाटीवर पॅड थेट टेकवला तर काठ फुटतो. उद्यमनगरात (आपल्याकडचा वर्कशॉपचा भाग) नायलॉन किंवा पॉलियुरेथेनचा अडॅप्टर करून घ्या. खालचा भाग लेथवर टर्न करून वाटीत बसेल असा गोल, वरचा भाग मिलिंग करून खाचेत सैलसर बसेल असा आयताकृती उंचवटा. उंचवट्याचं काम फक्त सरकू न देणं. वजन त्याच्याभोवतीच्या सपाट खांद्यावर आलं पाहिजे, म्हणून उंचवट्याची उंची खाचेच्या खोलीपेक्षा दोन-तीन मिमी कमी ठेवा. खालचा गोल भाग वाटीत १० मिमी तरी उतरला पाहिजे. नायलॉन लोखंडावर निसरडं असतं, नुसतं वर ठेवून चालत नाही.

उचलायच्या आधी पॅडच्या आसपास हात फिरवून बघा. चिखल साचून सिलचा पत्रा आतून गंजला असेल तर पॅड आत दबतो. पॅड हलत असेल किंवा अर्धा तुटला असेल तर आधी नवा बसवा. तो सुटा मिळतो.

नवा जॅक असला तरी पहिल्यांदा एक कोपरा १० सेंमी उचला आणि दहा मिनिटं नुसतं बघत बसा. हात डोळ्यांना दिसेल इतका खाली आला तर व्हॉल्व्ह किंवा सील गळतंय. तेल टाकायचं झालं तर हायड्रॉलिक जॅक ऑइलच. ब्रेक ऑइल टाकलं की रबरी सील फुगतात आणि जॅक कामातून जातो.

---

तांबडा_पांढरा

थोडक्यात तीन गोष्टी.

वीट, जांभ्याचा चिरा, सिमेंट ब्लॉक यांवर गाडी अजिबात टेकवायची नाही. लाकूड तुटायच्या आधी करकरतं, दबतं, इशारा देतं. हे मात्र सांगून फुटत नाहीत.

स्टँड घेताना लेबल वाचा. '३ टन' हे बऱ्याचदा जोडीचं असतं, एकाचं नाही. दातेवाल्यापेक्षा आरपार पिन असलेला स्टँड मला जास्त पटतो. २०२० मध्ये अमेरिकेत हार्बर फ्रेटने दातेवाले स्टँड लाखोंच्या संख्येने परत मागवले. खिटी दात्यात पूर्ण बसत नव्हती आणि धक्का लागला की स्टँड खाली बसू शकत होता. दातेवाला असलाच तर वजन टाकायच्या आधी हँडल खाली दाबून खिटी बसल्याची खात्री करा.

गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून स्टँड वेल्ड करून घेऊ नका राव. अडॅप्टर करून घेणं वेगळं, ज्याखाली आपलं डोकं जाणार ती वस्तू वेगळी.

---

गिअर_पाचवा

डिफरेन्शियलबद्दल. मध्ये लाकडाचा ठोकळा ठेवून उचलतात आणि गाडी उचललीही जाते. एका दमात दोन्ही मागची चाकं वर, सिलचे दोन्ही पॅड स्टँडसाठी मोकळे. सोय आहे हे खरं, म्हणूनच लोक करतात.

---

उद्यमनगरी

@गिअर_पाचवा सोय मान्य, तरी मी सांगणार नाही. मागचं कव्हर ओतीव ॲल्युमिनियमचं आणि त्यावर थंडाव्यासाठी पातळ पट्ट्या. ठोकळा जरा तिरका बसला की सगळं वजन दोन पट्ट्यांवर. ओतकामाला वाकणं माहीत नसतं, तडा जातो आणि तेल गळायला लागतं. शिवाय डिफरेन्शियल रबरी बुशांवर लटकलेलं असतं. उचलताना ते आधी वर चढतं, मग गाडी झोल खाते. फाउंड्रीच्या गावात राहून ओतीव कव्हरला जॅक लावायचा म्हणजे कमालच.

@रंकाळा_रोडस्टर तुमचा मूळ प्रश्न, जॅकच्या जागी स्टँड कसा. दोन पर्याय धरून चाला.

पहिला: जॅक सिलच्या पॅडला आणि स्टँड सबफ्रेमखाली (सस्पेन्शन धरून ठेवणारी खालची चौकट). सबफ्रेम जिथे मोठ्या बोल्टने बॉडीला जोडलेली असते त्या बोल्टलगतची जागा मजबूत असते. कंट्रोल आर्म, स्टेबिलायझर बार, इंजिनखालचं प्लॅस्टिक किंवा पत्र्याचा सपाट फ्लोअर यांपैकी कशाखालीही स्टँड नको. स्टँडच्या माथ्यावर जाड रबर ठेवा. बोल्टचं डोकं नीट बसत नसेल तर तिथे हट्ट करू नका.

दुसरा पर्याय, आणि तुमच्या ऑइलच्या कामाला मला हाच बरा वाटतो: स्टँड लावायचाच नाही, टायरखाली लाकडाचा चौथरा रचायचा. १० बाय ५ सेंमीचं लाकूड, ४० सेंमी लांबीचे तुकडे. एका थरात चार तुकडे शेजारी शेजारी, पुढचा थर त्यावर आडवा. चार थरांत २० सेंमी उंची मिळते. एका चौथऱ्याला १६ तुकडे, चार चौथऱ्यांना ६४, म्हणजे साधारण २६ मीटर लाकूड, वर कापणीची घट धरा. थर एकमेकांत ७५ मिमी स्क्रूने आवळा. वरच्या थरावर पुढे-मागे दोन सेंमीची पट्टी मारा म्हणजे टायर घरंगळणार नाही. उंची कधीही रुंदीपेक्षा जास्त नको. इथे २० ला ४० आहे, म्हणजे निवांत.

चौथरा एकसंध करू नका. दोन-दोन थरांचे दोन भाग करा आणि मध्ये १२ मिमीच्या लोखंडी खुंट्या ठेवा. कारण एकच कोपरा एकदम २० सेंमीवर न्यायचा म्हणजे गाडी भलतीच तिरकी होते, आणि चाक लोंबतं म्हणून सिल त्याहूनही आठ-दहा सेंमी जास्त उचलावी लागते. पहिल्या फेरीत चारही चाकांखाली १० सेंमी, दुसऱ्या फेरीत उरलेले १०. एक चाक हवेत असताना बाकी तिघांना पाचरी, मग ती जमिनीवर असोत की चौथऱ्यावर.

---

रंकाळा_रोडस्टर

खूप उपयोगी, आभार. मग चौथरा रचत बसण्यापेक्षा बाजारातला रेडीमेड रॅम्प पुढच्या चाकांना लावला तर? ऑइलपुरतं तेवढं पुरेल असं वाटतं. आणि गिअरबॉक्स ऑइल चौथऱ्यावर होईल का?

---

गिअर_पाचवा

बाजारातला रॅम्प तुमच्या गाडीला बंपरला लागणार. हिशोब सोपा आहे. बंपरची कड ११ सेंमीवर आणि चाक जमिनीला टेकतं तिथून ती साधारण ८० सेंमी पुढे असेल (हे माप स्वतः घ्या). चाक रॅम्पच्या तोंडाशी आलं की कड ८० सेंमी आत पोचलेली असते. तिथे रॅम्प ११ सेंमीपेक्षा उंच असेल तर घासणार. म्हणजे चढ ७-८ अंशांहून जास्त चालत नाही. रेडीमेड रॅम्प याच्या दुप्पट उभे असतात.

लाकडाचा लांब रॅम्प करायचा तर साडेसात अंशांना २० सेंमी उंचीसाठी नुसता चढच दीड मीटर लांब लागतो, पुढे चाक उभं राहायला सपाट ४० सेंमी वेगळे. पायऱ्यांचा रॅम्प करायला जाल तर तिसऱ्या पायरीला अडकाल. ५-५ सेंमीच्या पायऱ्या ३० सेंमी अंतरावर असतील तर चाक पहिलीशी असतानाच बंपर तिसरीवर, १५ सेंमीला, जाऊन धडकतो.

शिवाय पेव्हरवर रॅम्प मागून ढकलला जातो. मागच्या चाकांची गाडी चढताना रॅम्पला पुढे लोटते. रॅम्पच्या तळाला रबर चिकटवा किंवा पुढचं टोक भिंतीला टेकवा. बाहेर एक माणूस बघायला हवा, पण गाडीसमोर उभा नको, बाजूला.

---

पाना_सतरा

गिअरबॉक्स ऑइल घरी करू नका. त्याची पातळी गाडी पूर्ण समतल, इंजिन चालू आणि तेल ठरलेल्या तापमानाला असताना फिलर प्लगमधून ओघळण्यावर बघतात. त्याआधी सगळे गिअर एकेकदा टाकून घ्यावे लागतात. चौथऱ्यावर मागची चाकं लाकडावर टेकलेली असतात. 'डी' टाकलात आणि ब्रेकवरचा पाय हलला तर गाडी चौथऱ्यावरून उतरेल. स्टँडवर असेल तर चाकं हवेत फिरतील आणि सगळी गाडी थरथरेल. त्यात तुम्ही प्लग उघडून खाली झोपलेले. दोन खांबी लिफ्टवरचं काम आहे ते.

लिफ्टवर नेतानाही फळ्या सोबत न्या. बऱ्याच लिफ्टचे आडवे हात पॅडसकट १२ सेंमीत शिरत नाहीत. हात बळेच घातले की सिलचं प्लॅस्टिक कव्हर जातं. तुमचा अडॅप्टरही न्या. धुलाई सेंटरच्या एका खांबाच्या रॅम्पवर ही गाडी घालू नका, मधलं आडवं बीम थेट फ्लोअरला आणि एक्झॉस्टला लागतं.

ब्रेक पॅडला मात्र गाडीखाली जायचं नाही, ते काम घरी छान होतं. एका वेळी एकच बाजू. गाडी जमिनीवर असतानाच व्हील बोल्ट पाव फेरा सैल करा. हवेत नेऊन सैल करायला गेलात की तुमचा सगळा जोर गाडीला स्टँडवरून ढकलतो. कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) मागे घ्यायच्या आधी पार्किंग ब्रेक सोडलेला असायला हवा, आणि ही झेड४ असल्यामुळे तो बटणाचा आहे. म्हणजे पुढच्या पाचरी आधी, ब्रेक सोडणं नंतर. चाक काढलं की ते आडवं करून सिलखाली सरकवा. काही घसरलंच तर गाडी रिमवर बसेल, डिस्कवर किंवा हातावर नाही.

---

उद्यमनगरी

खाली जायच्या आधीची तपासणी राहिली. गाडी स्टँडवर किंवा चौथऱ्यावर आली की जॅक काढू नका, पॅडला नुसता टेकेल एवढा ठेवा. मग पुढच्या आणि मागच्या कोपऱ्याला दोन्ही हातांनी जोरात हिसके द्या, लांबीच्या दिशेने आणि आडवे, दोन्ही. प्रत्येक स्टँडचे सगळे पाय टेकलेले आहेत का हे वाकून बघा, कागद सरकतो का ते पाहा. हलायचं असेल ते तुम्ही बाहेर असताना हलू दे.

उचलायच्या आधी दारं आणि छप्पर बंद. गाडी वर असताना छप्पर उघडझाप करायची नाही. त्या घडीचं वजन बरंच आहे आणि ते सगळं मागे जातं. डिकीही आधीच उघडून हवं ते काढून घ्या.

---

तांबडा_पांढरा

उतरवताना घाई होते, तिथे लक्ष द्या. काम झालं, हात तेलकट, चहा झालाय म्हणून आतून हाक. जॅकचा स्क्रू एकदम सोडला की गाडी दाणकन येते. हँडल पाव फेऱ्यापेक्षा कमी फिरवा. आधी स्टँड किंवा वरचा चौथरा सुटण्यापुरतं एक-दोन सेंमी उचला, तो काढा, मग संथ खाली. खाली पाना, ट्रे, मोबाइल राहिलाय का ते बघा. जॅकही आता उलटा, बाहेरच्या दिशेने सरकणार, प्लायवर तेवढी जागा ठेवा.

व्हील बोल्ट हवेत फक्त हाताने बसवा, शेवटचा आवळ गाडी जमिनीवर आल्यावर, टॉर्क रेंचने, समोरासमोरच्या क्रमाने. एम १२ बोल्टला १२० न्यूटन-मीटर, तरी गाडीच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम. साधारण १०० किमीनंतर पुन्हा एकदा तपासा. आणि खाली उतरवल्यावर गाडी दोन-तीन सेंमी उंच दिसली तर घाबरू नका. टायर आतल्या बाजूला ओढलेले असतात म्हणून सस्पेन्शन पूर्ण बसत नाही. पोर्चमध्येच दोन मीटर पुढे-मागे केली की बसते. उंची किंवा अलाइनमेंट मोजायची असेल तर त्यानंतर.

---

रंकाळा_रोडस्टर

ठरलं. ऑइलला चौथरे, ब्रेक पॅड एकेका बाजूने, गिअरबॉक्स लिफ्टवर. उतार मोजला, अडीच मीटरला २ सेंमी आहे. अडॅप्टरसाठी सिलच्या पॅडच्या खाचेची मापं व्हर्नियरने घेऊन उद्या उद्यमनगरात देतो. नायलॉन की पॉलियुरेथेन?

---

उद्यमनगरी

पॉलियुरेथेन, ९० शोअर ए (रबराच्या कडकपणाचं माप) किंवा त्याहून कडक. मऊ घेतलंत तर उंचवटा दबून बाहेर फुगतो आणि खाचेत अडकून बसतो. मिलिंगवाल्याला वरच्या कडांना २ मिमी चेंफर (तिरकी तासणी) मारायला सांगा.